किक जुळते, तरी लय मोडते: १३२चा तो सांधा अखेर उलगडला

जांबोटीच्या शेतघरातील माझ्या डीजे सेटमध्ये, एका टेक्नो ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना, ज्या सांध्यावर गर्दी थबकली होती, त्याचे कारण या आठवड्यात हाती लागले. दोन्ही ट्रॅक १३२ बीपीएमवर (मिनिटाला १३२ ठोके, म्हणजे बीट), बीटग्रिड (सॉफ्टवेअरमधील बीटच्या खुणा) तपासलेले, किक (बास ड्रमचे ठोके) एकमेकींवर नेमक्या बसलेल्या, ३२ बारांचे (बार म्हणजे चार बीट) टप्पे जुळलेले आणि बासची अदलाबदलही वेळेवर. तरीही मिक्स सुरू होताच नाचणाऱ्यांची पावले सैल पडत होती. खानापूर तालुक्यातील भजनी मंडळांत वाढलेल्या आमच्या मित्रांना टेक्नो नवा आहे, पण मृदंगावर तयार झालेला त्यांचा कान लयीतील खोट लगेच पकडतो.

ती खोट हाय-हॅटमध्ये, म्हणजे झांजेसारख्या बारीक ठोक्यांमध्ये, होती. पहिल्या ट्रॅकच्या हॅट सरळ आहेत, म्हणजे बीटचे चारही भाग समान. दुसऱ्याच्या हॅट टीआर-९०९ या ड्रम मशीनच्या शफलसारख्या झुलत्या आहेत, म्हणजे दुसरा आणि चौथा भाग किंचित उशिरा पडतो. १३२ला बीटचा चौथा भाग सुमारे ११४ मिलिसेकंदांचा असतो आणि ५८ टक्के स्विंग असल्यास (दोन भागांच्या जोडीत पहिला ५८ टक्के वेळ घेतो; ५० म्हणजे सरळ) त्या हॅट सुमारे १८ मिलिसेकंद मागे राहतात. दोन वेगळे ठोके ऐकू यावेत एवढे हे अंतर नाही, मात्र प्रत्येक ठोका फाटलेला वाटण्यास ते पुरेसे आहे. सिंकचे बटण येथे निरुपयोगी ठरते, कारण ते टेम्पो आणि बीट जुळवते. बीटच्या पोटातील विभागणीला ते हात लावत नाही.

येणाऱ्या ट्रॅकचा हाय (आवाजाची सर्वांत उंच पट्टी) पूर्ण बंद ठेवून, आधीच्या हॅट थांबल्यावरच तो उघडला, तेव्हा सांधा प्रथमच अखंड वाहिला. तो क्षण मी पुन्हा पुन्हा ऐकला आहे. अडचण एवढीच की माझ्या कंट्रोलरच्या तीन पट्ट्यांच्या ईक्यूमध्ये (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या बटणांमध्ये) हायबरोबर क्लॅपची, म्हणजे टाळीसारख्या ठोक्याची, धारही जाते. कोल्हापूरच्या मित्राकडील झोन:९२ मिक्सरच्या चार पट्ट्यांवर हे काम कितीतरी नेटके होते. लांब मिक्स करणाऱ्याने इफेक्टपेक्षा ईक्यूवर पैसे खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे.

आता लायब्ररीत प्रत्येक ट्रॅकवर ‘सरळ’ किंवा ‘झुलता’ अशी खूण करत आहे आणि सेटचा क्रम ट्रॅकच्या सुराऐवजी स्विंगनुसार लावणार होतो. मात्र हे लिहिताना वेगळी वाट सुचली. टेक्नो डीजे जेफ मिल्स सेटमध्ये ९०९ प्रत्यक्ष वाजवतात. त्याच धर्तीवर दोन्ही ट्रॅकचे हाय उतरवून हॅट तिसऱ्या चॅनेलवरून दिल्या तर? प्रथम ५४ टक्के स्विंगचा तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) डोळ्यांसमोर होता, पण लूपमध्ये स्विंग गोठलेला असतो. ड्रम मशीनवर तो ३२ बारांत, म्हणजे सुमारे ५८ सेकंदांत, ५०वरून ५८पर्यंत हळूहळू चढवता येईल. त्यामुळे क्रम तूर्त तसाच ठेवून पुढील सरावात हाच प्रयोग याच दोन ट्रॅकवर करणार आहे.