आईचा रक्तदाब आणि ग्रीन टी

गुहागरला आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचे बेट माजले आहे आणि आईचा रक्तदाब वाढल्यापासून शेजारच्या काकू त्यालाच ग्रीन टी समजून त्याची पाती उकळायला सांगतात. गवती चहा हे निराळेच गवत आहे. ग्रीन टी नेहमीच्या चहाच्याच झुडपाचा असतो. खुडलेली पाने लगेच वाफवून किंवा भाजून काळी पडू न दिल्याने त्यांतील कॅटेचिन नावाची द्रव्ये टिकून राहतात.

जपानमधील ओसाकी येथे १९९४ साली सुरू झालेल्या, चाळीस हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ग्रीन टीचे पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले, विशेषतः स्त्रियांत. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही. अर्थात, केवळ निरीक्षणावरून चहाच कारण ठरत नाही.

मला मोलाचे वाटते ते हे, की ग्रीन टीमुळे आईचे दोन-दोन चमचे साखर घातलेल्या नेहमीच्या चहाचे तीन कप सुटले. गोळी चालूच आहे. चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते, म्हणून जेवणानंतर तासाभराने, उकळी शमलेल्या पाण्यात दोनच मिनिटे पाने ठेवून, मी तिला कप देते.