आजोबा पाणी प्यायले नाहीत, मग कर्मचारी नापास?

सामाजिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या जागीच पूर्ण करायच्या प्रमाणपत्राचा एक घटक आम्ही तपासत होतो: खाण्यापिण्यात मदत करणे. त्या दिवशी सगळ्या असेसरांसमोर, म्हणजे उमेदवाराचं काम पाहून निकाल देणाऱ्यांसमोर, एकाच उमेदवाराची एकच निरीक्षण-नोंद ठेवली. प्रत्येकाने आपापला निकाल लिहायचा, मग ताडून पाहायचं. निम्म्यांनी 'सक्षम' लिहिलं, निम्म्यांनी 'अजून नाही'.

नोंद चांगली तपशीलवार होती. गिळायला त्रास असलेले आजोबा, केअर प्लॅनमध्ये (त्यांची काळजी कशी घ्यायची याच्या लेखी योजनेत) पेय आयडीडीएसआय लेव्हल 2 इतकं घट्ट; आयडीडीएसआय म्हणजे अन्नपेयांचा घट्टपणा ठरवणारी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी. कर्मचारी बाईंनी, म्हणजे उमेदवाराने, थिकनर (पेय घट्ट करणारी पावडर) मोजून घातलं, ढवळलं, डब्यावर लिहिलेला वेळ थांबल्या. मग 10 मिलीच्या सिरिंजमध्ये पेय भरून 10 सेकंद वाहू दिलं. 6 मिली उरलं. लेव्हल 2 साठी 4 ते 8 उरायला हवं, म्हणजे घट्टपणा बरोबर. (सिरिंज कुठलीही चालत नाही, शून्य ते 10 च्या खुणांमधलं अंतर 61.5 मिमी लागतं. हे बऱ्याच ठिकाणी कुणी बघतच नाही.) आजोबांना ताठ बसवलं, स्वतः समोर बसल्या, एक घोट गिळून झाल्यावरच दुसरा दिला. तिसऱ्याला आजोबांनी मान फिरवली. बाईंनी पेला खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. किती प्यायले ते लिहिलं आणि नर्सला सांगितलं.

आमच्या मसुद्यातला निकष होता: 'व्यक्ती ठरलेलं पेय पूर्ण घेईल याची खात्री करते.' पेला तर भरलेलाच! 'अजून नाही' लिहिणाऱ्यांचं म्हणणंही पोकळ नव्हतं, कारण अशा माणसांना शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका खराच असतो. पण हा निकष आजोबांच्या वागण्याचा होता, बाईंच्या कामाचा नव्हे. शिवाय असा निकष पास होण्यासाठी उमेदवाराला जबरदस्ती करायला शिकवतो. माझ्या मते त्यातला सगळ्यात वाईट भाग हाच.

निकष तोडून लिहिला. घट्टपणा तपासते. घोट गिळल्याची खात्री करून पुढचा देते. नकार आल्यास थांबते, कारण विचारते, काही वेळाने पुन्हा देऊ करते, प्यायलेलं प्रमाण नोंदवते, वरिष्ठांना कळवते.

ठसका लागल्यावर काय करायचं, हा भाग अडला. तो प्रसंग निरीक्षणासाठी घडवून आणता येत नाही, आणि तोंडी प्रश्नाने फक्त माहिती कळते. कौशल्य कसं तपासायचं याच्या पायऱ्या मांडणाऱ्या जॉर्ज मिलर यांच्या 1990 च्या पिरॅमिडमध्येही 'कसं करायचं ते माहीत आहे' आणि 'प्रत्यक्ष करतो' या पायऱ्या वेगळ्या आहेत. म्हणून पुतळ्यावर प्रात्यक्षिक, आणि खरोखर प्रसंग घडला असेल तर सोबतच्या पात्र सहकाऱ्याची लेखी साक्ष, असं ठरलं. अंघोळ, शौच अशा खासगी मदतीच्या वेळी असेसरने आत जायचंच नाही, तिथेही साक्षच. केअर प्लॅनची प्रत फाइलमध्ये लावायची नाही. असेसर जागेवर वाचतो आणि फक्त 'पाहिला' असं तारखेसह लिहितो.

नव्या निकषांवर तीच नोंद पुन्हा तपासली. या वेळी निकाल जुळले, एका असेसरचा सोडून. नर्सला कळवलं ते किती वाजता, हे नोंदीत कुठेच नाही, असं तिने दाखवलं. निरीक्षणाच्या फॉर्मला वेळेचा रकाना तेव्हा जोडला.