राजीनामा की कपात

मंगळवार, रात्री

आज एकोणिसावा दिवस. बेकारी भत्त्याच्या पोर्टलवर माझ्या अर्जापुढे अजून तेच: 'प्रलंबित'. सकाळी डोळे उघडले की बघते, रात्री दिवा मालवताना बघते. मधे एकदा तर नुसतं रिफ्रेश करत बसले होते.

सगळं घोडं अडलंय एका कागदावर. शेवटच्या दिवशी एचआरवाल्यांनी खोलीत बोलावलं. "मॅडम, तुम्हीच राजीनामा दिलात तर बरं दिसेल, पुढच्या ठिकाणी सांगायला सोपं जाईल." कागद टाइप करूनच ठेवला होता. दोन ओळी, 'वैयक्तिक कारणास्तव'. पेनही त्यांचंच. मी सही केली, वर थँक्यूसुद्धा म्हणाले. कुणाला बरं दिसणार होतं ते आता कळतंय.

बेकारी भत्त्याच्या अर्जात खरा प्रश्न एकच असतो: नोकरी सुटली कशी? कपात (म्हणजे कंपनीनेच माणसं कमी केली), कराराची मुदत संपली, गैरवर्तनावरून काढलं, स्वतःहून सोडली. मी 'कपात' निवडलं, कंपनीने 'राजीनामा' कळवला. दोन उत्तरं जुळेनात, म्हणून अर्ज चौकशीला गेला.

दादा फोनवर म्हणाला, "अगं, सही करायच्या आधी मला एक फोन करायचास ना." काय उत्तर देणार? त्या खोलीत फोन करायचं सुचत नाही, एवढंच.

बुधवार

रात्री झोप येईना म्हणून नियम वाचत बसले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५२ चा १०२ क्रमांकाचा करार आहे, सामाजिक सुरक्षेच्या किमान मानकांचा. सबळ कारण नसताना स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याचा भत्ता रोखता येतो, हे त्यातच लिहून ठेवलंय. म्हणजे हा खोडा इथल्या भत्ता कार्यालयाने माझ्यासाठी मुद्दाम शोधून काढलेला नाही. पण 'सबळ कारण नसताना' हे तीन शब्दही तिथेच आहेत. माझी सगळी भिस्त आता त्यांच्यावर.

दुसरं म्हणजे, पहिले ७ दिवस भत्ता न देण्याची मुभाही त्याच करारात आहे. पहिल्या आठवड्याचे पैसे आले नाहीत म्हणून मी केवढी चिडले होते! तो उशीर नव्हताच, नियम होता. आधी कुणी सांगितलं असतं तर तेवढा राग वाचला असता.

शुक्रवार

चौकशीचा फोन आला. बाई शांत होत्या. "राजीनामा दिला नसता तर काय झालं असतं?" मी म्हटलं, तरीही काढलंच असतं. "कशावरून?"

कशावरून! तासभर जुने ईमेल उपसले आणि सापडला. सहीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी ६:४२ ला आमच्या साहेबांनी टीममधल्या सहाही जणांना पाठवलेला: 'उद्यापासून तुमची ओळखपत्रं चालणार नाहीत, लॅपटॉप जमा करावेत.' राजीनाम्यावरची तारीख दुसऱ्या दिवसाची. हा ईमेल मी तेव्हा वाचला होता, रडले होते, आणि मग विसरूनही गेले होते. नशीब, स्वतःच्या पत्त्यावर फॉरवर्ड केला होता, नाहीतर कंपनीचं खातं बंद झाल्यावर कुठून आणला असता? दोन्ही कागद लगेच अपलोड केले.

बाईंनी जाता जाता आणखी एक सांगितलं. शिल्लक रजेचे जे पैसे मिळाले ते पगारातच धरतात, म्हणून भत्त्याची सुरुवात तेवढे दिवस पुढे ढकलली जाईल. असो. निदान हिशेब तरी कळला.

रविवार

माझ्या हातून एक चूक झाली, ती लिहून ठेवते. अर्ज अडकलाय, मग काम शोधलं का, काही कमावलं का, हे सांगणारं दर आठवड्याचं घोषणापत्र कशाला भरायचं, असं म्हणून दुसऱ्या आठवड्यात भरलंच नाही. निकाल माझ्या बाजूने लागला तरी त्या आठवड्याचे पैसे गेले ते गेलेच. निर्णय होवो न होवो, घोषणापत्र भरत राहायचं असतं. इतकी महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकाच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात.

या आठवड्यात एका ओळखीच्या बाईंचं दीड दिवसाचं मुद्रितशोधन केलं. पैसे अजून आलेले नाहीत. काम केलं त्या आठवड्यात दाखवायचं की पैसे येतील तेव्हा, हे फोन करून विचारून घेतलं. काम केलं तेव्हा, म्हणाले. दाखवलं. भत्ता थोडा कापला जाईल, पण नंतर वसुलीची नोटीस यायला नको.

सोमवार

'प्रलंबित' गेलं! आता लिहिलंय: 'निर्णय झाला, पत्र पाठवले आहे.' काय निर्णय, ते मात्र पडद्यावर नाही. पत्र अजून हातात नाही आणि अपिलाची मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे ते टपालात फिरतंय तेवढे दिवस माझ्याच मुदतीतून कमी होणार. कोरा अपील अर्ज आत्ताच डाउनलोड करून ठेवला. कारणाच्या रकान्यात ६:४२ चा ईमेल आणि तारीख लिहिली.

मग नव्या आठवड्याचं घोषणापत्र उघडलं. काम शोधलं का? हो. किती ठिकाणी? चार. काही उत्पन्न? नाही. सबमिट.