नाइटमेअर : ‘ह’ सापडला आणि घोडी वेगळी झाली

‘नाइटमेअर’ (दुःस्वप्न) या इंग्रजी शब्दातली ‘मेअर’ आणि घोडीला म्हणतात ती ‘मेअर’ हे दोन वेगळे शब्द आहेत हे दाखवणारा माझा तक्ता मागच्या वेळी जर्मन रकान्यात अडला होता, तो अखेर सुटला. नाइटमेअरमधली ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे, ती निजलेल्याच्या छातीवर बसून श्वास कोंडणारी उत्तर युरोपातल्या लोकसमजुतीतली ‘मारा’, एवढं मागच्या वेळी पाहिलं. पण आजच्या इंग्रजीत दोन्ही शब्दांचं स्पेलिंग एक आणि उच्चारही एकच. मग वेगळेपणा दाखवायचा कशावरून?

घोडी आणि मारा असे दोन रकाने आखून, जुन्या रूपांना दोन कसोट्या लावल्या. पहिली : ‘र’नंतर ‘ह’ आहे का? दुसरी : पुढच्या ‘य’मुळे आधीचा ‘आ’ बदलून ‘ए’कडे सरकलाय का, या स्वरबदलाला उम्लाउट म्हणतात.

घोडीचं तारांकित रूप, म्हणजे लेखी पुरावा नसलेलं, अभ्यासकांनी अंदाजाने बांधलेलं जुनं जर्मानिक रूप, *मार्हियो. त्यात ‘ह’ही आहे आणि ‘य’ही. माराचं *मारोन्, त्यात दोन्ही नाहीत. जुनी नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) सर्वांत स्वच्छ निघाली : घोडी ‘मेर्र’, भूत ‘मारा’. जुन्या इंग्रजीत घोडा ‘मेआर्ह’, आणि त्या ‘ह’च्या जागी केल्टिक भाषांत कठोर व्यंजन दिसतं : वेल्श ‘मार्ख’, आयरिश ‘मार्क’. इंग्रजी ‘मार्शल’ मूळचा घोड्यांचा चाकर, म्हणजे तो घोडीच्या रकान्यात. जुन्या इंग्रजीत स्वराची कसोटी मात्र लावू नका. छातीवर बसणारीसाठी तिथे मारे, मॅरे, मेरा अशी सगळी रूपं सापडतात. एपिनल-एर्फुर्ट या जुन्या शब्दयाद्यांत ती लॅटिन ‘इन्कुबा’समोर येते.

मग घोडं अडलं कुठे? जर्मन ‘माह्र’ (Mahr) या भुताच्या नावापाशी. भूत माराच्या रकान्यातलं आणि स्पेलिंगमध्ये ढळढळीत ‘ह’! पहिली कसोटी तिथेच कोसळली. काही तयार तक्त्यांत ‘माह्र’ थेट घोडीखाली टाकलेला दिसतो, तो याच ‘ह’मुळे. उलगडा साधा आहे : हा ‘ह’ उच्चारायचा नाहीच. ‘यार’ (Jahr, वर्ष) या जर्मन शब्दात जसा तो फक्त स्वर दीर्घ असल्याची खूण म्हणून लिहितात, तसाच इथे. जुन्या उच्च जर्मनमध्ये भूत ‘मारा’, बिनहकाराचं, आणि घोडी ‘मेरिहा’, हकारासकट. तेव्हा नियम पक्का लिहून ठेवा : आधुनिक जर्मन स्पेलिंगवर कसोटी लावायची नाही, एक पायरी मागे जायचं. या कामाला जुन्या इंग्रजीचा बॉसवर्थ-टोलर आणि जुन्या नॉर्सचा क्लीझबी-विग्फुसन हे जुने कोश अजून तोडीस तोड आहेत. दोन्ही जालावर मोफत मिळतात आणि मूळ उतारे देतात. नुसती व्युत्पत्ती सांगणाऱ्या संकेतस्थळांवर पहिली दिशा मिळते, पण पुरावा इथेच.

डच ‘नाख्टमेरी’ची (दुःस्वप्न) नोंद ‘लोकव्युत्पत्ती’ अशीच करायची. जुन्या ‘मारे’चा अर्थ विसरला आणि लोकांनी ओळखीची ‘मेरी’, म्हणजे घोडी, आणून बसवली. घोडी सुचायला लोककथेतही आधार होता. मारा रात्री घोड्यांवरही स्वार होते, सकाळी घोडे घामाघूम आणि आयाळीत गाठी पडलेले सापडतात, अशी समजूत. इंग्लंडात त्यावर उपाय म्हणून तबेल्यात आरपार भोक असलेला दगड टांगत. चित्रकार फ्युसलीच्या १७८१ च्या ‘नाइटमेअर’ चित्रात तर भूत बाईच्या छातीवर आणि घोड्याचं डोकं पडद्यातून आत. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात मात्र घोडी नाही, उत्तरेकडची ‘मारा’ आहे, आणि अर्थही स्वप्नाचा नसून छातीवर आल्यासारख्या भाराचा. ‘वाईट स्वप्न’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला.

आता बुद्धाला छळणारा ‘मार’. या दोघांचं नातं जोडायचा मोह मराठी वाचकाला होणारच. पण ‘मार’ हा ‘मृ’च्या प्रयोजक रूपातून, ‘मारयति’मधून येतो. त्याचे परदेशातले सख्खे म्हणजे लॅटिन ‘मोर्स’ (मृत्यू) आणि इंग्रजी ‘मर्डर’. छातीवरची मारा कोशकार बहुधा दुसऱ्या *मेर्- या धातूखाली ठेवतात, ज्याचा अर्थ घासणं, चिरडणं. संस्कृतात त्याच्याजवळ ‘मृणाति’. हे दोन धातू मुळात एकच होते असं मानणारेही आहेत, म्हणून तक्त्यात इथे तुटक रेघ, ठळक नाही.

आणि ‘चिरडणं’ लिहिता लिहिताच पुढचा बेत बदलला. यानंतर कोबाल्ट धातू आणि ज्यावरून त्याला नाव पडलं तो खाणीतला कोबोल्ड (भुतासारखा खोडकर प्राणी) घ्यायचा होता, तो थांबेल. आधी हे भूत छातीवर काय करतं ते सांगणाऱ्या क्रियापदांचा नकाशा. आइसलँडिक ‘मार्त्रोद’ म्हणजे माराचं तुडवणं. फ्रेंच ‘कोशमार’मधला ‘कोशे’ही तुडवणं-दाबणंच, आणि शेपटीला डचांची ‘मारे’. डॅनिश ‘मारेरिद’मध्ये ती स्वार होते. फिनिश ‘पाइनायाइनेन’ दाबणारा, स्पॅनिश ‘पेसादिया’ जडपणातून, लॅटिन ‘इन्कुबुस’ वर पडून राहणारा. राजांच्या कथा सांगणाऱ्या, तेराव्या शतकातल्या यंगलिंगा सागामध्ये स्वीडनचा राजा वान्लांदी ‘मारा मला तुडवते आहे’ असं ओरडतो. माणसं डोकं धरायला धावतात तर ती पाय मोडायला येते, पाय धरतात तर ती डोकं दाबते आणि तो मरतो. नुसती नावं जुळवत बसण्यापेक्षा ही क्रियापदं मांडली की झोपेत अंग ताठून जाण्याचा तो अनुभव थेट दिसतो.

मराठीत भूत छातीवर ‘बसतं’. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चाळताना ‘छाती’, ‘ऊर’ आणि ‘दडपण’ या तीन नोंदींपासून सुरुवात करायची, मग ‘भूत’. तुमच्या भागात बसण्याऐवजी दाबणं, चढणं किंवा दुसरं काही म्हणत असतील तर क्रियापद जसंच्या तसं, तालुक्याच्या नावासकट कळवा. त्याचा रकाना आखून ठेवला आहे.