हेसेन-कासेलसाठी सात कल्पना

शनिवार, रात्री उशिरा

मॉडसाठी, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या बदलासाठी, हेसेन या जर्मन राज्याचा आयडिया सेट लिहायला घेतलाय. गेम युरोपा युनिव्हर्सालिस ४. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: १४४४ च्या नोव्हेंबरात खेळ सुरू होतो, १८२१ च्या जानेवारीत संपतो, आणि बऱ्याचशा राज्यांना त्यांच्या इतिहासातून काढलेले स्वतःचे बोनस असतात. दोन परंपरा सुरुवातीपासूनच पदरात पडतात, मग सात कल्पना एकामागून एक उघडतात, आणि सातही मिळाल्या की शेवटची महत्त्वाकांक्षा. म्हणजे एका राज्याचा अख्खा इतिहास दहा ओळींत बसवायचा. फ्रान्सच्या बाबतीत काय गाळायचं हा प्रश्न असतो. हेसेनच्या बाबतीत वेगळीच अडचण आहे. लोकांना त्याच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते.

ती गोष्ट म्हणजे भाडोत्री सैनिक. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेले हेसियन प्रत्येकाने कुठे ना कुठे वाचलेले असतात. मग आमच्या कंपूतली सूचना ठरलेली: मर्सिनरींचा खर्च कमी करून टाक, विषय संपला. मला हे मुळातच पटत नाही. मर्सिनरी स्वस्त होण्याचा फायदा कुणाला? जो पैसे मोजून परकी माणसं आणतो त्याला. हेसेनच्या वाटणीतून निघालेल्या हेसेन-कासेलचा लँडग्राफ, म्हणजे तिथला राजा, बरोब्बर उलटं करत होता. माणसं त्याची, पैसे दुसऱ्याचे. पानिपतावर गारद्यांची पलटण घेऊन उभा राहिलेला इब्राहिमखान आधी निजामाकडे होता, मग पेशव्यांकडे आला; चाकरी कुणाची करायची हे त्याने स्वतः ठरवलं. कासेलजवळच्या खेड्यातल्या पोराने कुणाशी काही ठरवलं नव्हतं. त्याच्या राजाने जानेवारी १७७६ मध्ये लंडनशी तह केला, बारा हजार माणसं द्यायचं कबूल केलं, आणि पोराला हुकूम आला.

बोनसचा आकडा चुकला तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येतो. दिशाच उलटी असेल तर खेळणारा तासन्‌तास त्या राज्याचा खोटा इतिहास जगत राहतो. म्हणून सेट नव्याने लिहायचा, आणि त्यात मर्सिनरी स्वस्त करणारी एकही ओळ नसेल.

रविवार

आज परंपरा आणि पहिल्या कल्पना.

सुरुवात एलिझाबेथपासून करणार. हंगेरीच्या राजाची मुलगी, थुरिंगियाच्या लँडग्राफची बायको, विशीतच विधवा झालेली. १२२८ मध्ये ती मारबुर्गला आली, तिथे तिने इस्पितळ उभारलं, स्वतः रोग्यांची सेवा केली आणि १२३१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी गेली. चार वर्षांत तिला संतपद मिळालं. तिची मुलगी सोफी आपल्या लहानग्या मुलाच्या हक्कासाठी भांडली आणि त्या भांडणातून हेसेन हे वेगळं राज्य जन्माला आलं. संताच्या रक्ताचं घराणं, म्हणून पहिली परंपरा प्रतिष्ठेची. दुसरी परंपरा खेळ सुरू होतो तेव्हा गादीवर असलेल्या लुडविग पहिल्याची. त्याला ‘शांतताप्रिय’ म्हणत. १४५० मध्ये त्सिगेनहाइन आणि निड्डा ही दोन्ही संस्थानं वारशाने पदरात पाडून घेणारा माणूस. त्याला मुत्सद्देगिरीचा बोनस शोभतो, तलवारीचा नाही.

आता फिलिप, सोळाव्या शतकातला हेसेनचा लँडग्राफ. १५२६ मध्ये त्याने हेसेनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा आणली, १५२७ मध्ये मारबुर्गला विद्यापीठ काढलं, प्रॉटेस्टंट विद्यापीठांतलं सगळ्यात जुनं. ही पहिली कल्पना, त्यावर फार विचार करावा लागला नाही. मी अडले ती दुसरीवर, आणि आनंदाने अडले.

धर्मसुधारणेत मठ बंद केल्यावर बहुतेक राजे काय करत? जमिनी खालसा करत, सरदारांत वाटत, कर्ज फेडत. फिलिपनेही काही जमिनी वापरल्याच. पण हाइना इथला सिस्टर्शियन मठ त्याने १५३३ मध्ये इस्पितळ म्हणून उभा केला, पुरुषांसाठी. मेर्क्सहाउझेनचा मठ बायकांसाठी. पुढे हॉफहाइम आणि ग्रोनाऊ. ही इस्पितळं खेड्यातल्या गरिबांसाठी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शहरातल्या माणसाला आजारी पडल्यावर कुठेतरी आसरा असायचा. खेड्यातला म्हातारा, आंधळा, वेड लागलेला, ज्याला घरच्यांनी कंटाळून सोडलं, त्याला कुणीच नव्हतं. त्याच्यासाठी मठाच्या शेतजमिनीचं उत्पन्न, मठाच्याच भिंती आणि रोजचं जेवण. हाइनाला आजही रुग्णालय आहे.

आणि याच फिलिपने १५३९ मध्ये मारबुर्गच्या चर्चमधून एलिझाबेथच्या अस्थी काढून घेतल्या, तीर्थयात्रा थांबवायला. स्वतःच्या पूर्वज स्त्रीच्या अस्थी! तिची पूजा त्याने बंद केली, पण तिचं काम राज्याच्या खर्चाने चालू ठेवलं. दुसरी कल्पना म्हणून ‘खेड्यांची इस्पितळं’, देशातला असंतोष एकाने कमी. हा आकडा छोटा ठेवायचा नाही.

मंगळवार

ऑफिसातून आल्यावर दोन तास मिळाले. तीन कल्पना मार्गी लागल्या.

तिसरी: मारबुर्गची चर्चा, १५२९. ल्यूथर आणि झ्विंगली या दोन प्रॉटेस्टंट सुधारकांना फिलिपने आपल्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, शेवटच्या भोजनाच्या विधीत येशू भाकरीत खरोखर असतो का यावर फिसकटलं. हे जमलं नाही म्हणून वगळा, असं कुणी म्हणेल. मी वगळणार नाही. पंचविशीच्या आतल्या राजाने असा प्रयत्न करणं हीच त्या राज्याची ओळख आहे. बोनस राजनैतिक प्रतिष्ठेचा.

चौथी: फिलिपचा मुलगा विल्हेल्म चौथा आणि कासेलची वेधशाळा, १५६० पासून. राजा स्वतः रात्री वेध घेत बसायचा. त्याने १५७९ मध्ये योस्ट ब्युर्गीला घड्याळजी म्हणून नेमलं आणि ब्युर्गीने सेकंद मोजणारी घड्याळं बनवली, ती ताऱ्यांच्या जागा टिपायला वापरली गेली. पुढे याच ब्युर्गीने लॉगॅरिदमची कोष्टकं नेपियरपासून स्वतंत्रपणे तयार केली. तंत्रज्ञानाचा खर्च पाच टक्के कमी. याबद्दल कुणाशी वाद होईल असं वाटत नाही.

पाचवी अमाली एलिझाबेथ, कासेलच्या लँडग्राफची बायको. ही बाई जगाच्या इतिहासात जेवढी माहीत असायला हवी त्याच्या दशांशानेही नाही. तीस वर्षांच्या युद्धात नवरा १६३७ मध्ये परागंदा अवस्थेत वारला. मुलगा अज्ञान, मुलुख शत्रूच्या ताब्यात, हातात उरलं ते फक्त सैन्य, आणि तेही स्वतःच्या राज्याबाहेर, वेस्टफालिया आणि पूर्व फ्रिझलंडमध्ये तळ ठोकून. पवित्र रोमन सम्राट म्हणत होता, सैन्य सोपव. तिने वाटाघाटी लांबवल्या, फ्रान्सशी तह करून त्यांच्याकडून रोख मदत मिळवली, आणि १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात हेर्सफेल्डचा मठ आणि सहा लाख थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) भरपाई घेऊनच उठली. कॅल्व्हिनपंथीयांना साम्राज्यात कायदेशीर मान्यता मिळाली त्यातही तिचा मोठा हात होता.

इथे मला सगळ्या सेटचा धागा सापडला. दुसऱ्याच्या पैशावर स्वतःचं सैन्य उभं ठेवायचं, ही कासेलची युक्ती अमेरिकेच्या युद्धापेक्षा शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. अमालीने ती राज्य वाचवायला वापरली. तिचा नातू कार्ल याने १६८७ मध्ये व्हेनिसला तुर्कांशी लढायला माणसं दिली, तेव्हा राज्य वाचवायचा प्रश्न नव्हता. १७४६ मध्ये हेसियन पलटणी स्कॉटलंडमध्ये उतरल्या, जॅकोबाइटांचं, म्हणजे हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचं, बंड मोडायला आलेल्या ब्रिटिश फौजेच्या मदतीला. तोवर तो धंदाच झाला होता. म्हणून पाचवीचा बोनस सैन्याच्या पगारखर्चात दहा टक्के घट. सातवी तिच्याच वाटेने यायला हवी.

गुरुवार

सहावीला फार वेळ लागला नाही. कार्लने एप्रिल १६८५ मध्येच ह्युगेनॉटांना, म्हणजे फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना, सवलतींचा जाहीरनामा काढला, फ्रान्सने त्यांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांटचा आदेश रद्द करण्याच्या आधी काही महिने. विणकर, टोपीवाले, हातमोजेवाले आले, आणि १६९९ मध्ये वेझर नदीकाठी त्यांच्यासाठी नवं गाव वसलं, आजचं बाड कार्ल्सहाफेन. उत्पादनाचा बोनस.

खरा वेळ गेला तो एका न बसणाऱ्या गोष्टीवर. १५६७ मध्ये फिलिप वारला आणि राज्य चार मुलांत वाटलं गेलं: कासेल, मारबुर्ग, राइनफेल्स, डार्मश्टाट. हेसेनच्या इतिहासात याहून निर्णायक घटना नाही. एकसंध हेसेन कदाचित सॅक्सनीच्या तोडीचं झालं असतं; वाटणीनंतर कासेल आणि डार्मश्टाट मारबुर्गसाठी एकमेकांचे गळे धरत राहिले, थेट १६४८ पर्यंत. पण बोनसच्या यादीत वाटणी लिहिणार कशी? ही यादी प्रत्येक राज्याचा इतिहास फक्त यशाने सांगते. ज्या राज्यांची कहाणी वाटण्यांचीच आहे, अनहाल्ट असो वा थुरिंगियातली ती चिमुकली राज्यं, त्यांना ही चौकट अन्याय करते. शेवटी वाटणी मी इव्हेंट (खेळात घडणारा प्रसंग) म्हणून वेगळी लिहायची ठरवली. कल्पनांच्या यादीत तिला जागा नाही आणि ओढूनताणून करणारही नाही.

शनिवार

आता सातवी.

१७६२ पासून कासेलचं राज्य भरतीसाठी कँटनांत (छोट्या भागांत) विभागलं होतं. ज्याच्याकडे पुरेशी मालमत्ता, ज्याच्यावाचून शेत किंवा धंदा अडेल, त्याला सूट. ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही तो पलटणीत. मग १७७३ मध्ये शेताची वाटणी करायला बंदी करणारा कायदा आला: शेत एकाच वारसाकडे. राज्याला कर देणारी धडधाकट शेतं हवी होती. पण त्याच घरातल्या धाकट्या भावाचं काय? कालपर्यंत त्याला निदान एक तुकडा मिळाला असता. आता तो ‘ज्याच्यावाचून अडत नाही’ अशा यादीत आपोआप गेला. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की अमेरिकेत उतरलेली ती रांग कुठून आली ते दिसतं. आणि घरचे पुरले नाहीत तेव्हा वाटेवरचेही धरले गेले. योहान गॉटफ्रीड झॉइमे हा लाइपझिगचा धर्मशास्त्राचा विद्यार्थी, हेसेनशी त्याचा संबंधही नव्हता. १७८१ मध्ये पॅरिसला निघाला होता, भरतीवाल्यांनी पकडला आणि थेट हॅलिफॅक्सला पोचवला.

तीन लाखांच्या आतबाहेर वस्तीचं राज्य. पहिले बारा हजार, मग भरपाईची भरती, असं करत आकडा सोळा हजारांच्या पार गेला. २६ डिसेंबर १७७६ च्या सकाळी ट्रेंटनला कर्नल राल पडला आणि नऊशेच्या आसपास माणसं एका फटक्यात कैद झाली. त्यातल्या काहींना पेनसिल्व्हेनियात जर्मन बोलणाऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला धाडलं. युद्ध संपल्यावर हजारो परतले नाहीत. काही आजाराने गेले, काही लढाईत, काही तिकडेच राहिले. शेत नसलेल्या धाकट्याने तिकडे राहणं मला अगदी समजतं.

आणि पैसा? तो कासेलला आला हेही तितकंच खरं. त्यातून इमारती उठल्या, तिजोरी भरली. म्हणून सातव्या कल्पनेचं नाव ‘सब्सिडीचे तह’, आणि तिच्यात दोन आकडे. राज्याच्या करउत्पन्नात दहा टक्के वाढ. मॅनपॉवर (भरतीला मिळणारी माणसं) भरून येण्याच्या वेगात दहा टक्के घट.

उणे चिन्ह लिहायला फाइल अडवत नाही, फक्त तशी पद्धत नाही. कंपूतल्या एकाला दाखवलं तर तो म्हणाला, उणे असलेली आयडिया कुणाला आवडेल? आवडायला नकोच आहे. खेळणाऱ्याच्या खजिन्यात नाणी पडताना दिसावीत आणि त्याच वेळी पुढच्या युद्धाला माणसं कमी पडावीत, तेव्हाच त्याने हेसेन-कासेल खेळलं असं म्हणता येईल. भाड्याने सैन्य देण्याची सोय गेममध्ये आधीपासून आहे, कोंडोटिएरी नावाने. ही कल्पना उघडल्यावर ती सोय वापरण्याचा मोह वाढेल आणि किंमतही कळेल.

महत्त्वाकांक्षेच्या जागी सगळेजण डिसिप्लिन (सैन्याची लढाईतली शिस्त) टाकतात. प्रशियाची नक्कल. मी तिथे फ्रिडेरिशियानुम ठेवलंय: १७७९ मध्ये कासेलमध्ये उघडलेलं संग्रहालय, लोकांसाठी म्हणून मुद्दाम बांधलेल्या युरोपातल्या पहिल्या काही संग्रहालयांपैकी. प्रतिष्ठेचा ऱ्हास एक टक्क्याने कमी. ते उघडलं तेव्हा ब्रिटनचे हप्ते चालू होते आणि पलटणी न्यूयॉर्कच्या आसपास होत्या. वर्णनात हे दोन्ही एकाच वाक्यात लिहिलंय, मध्ये पूर्णविराम न देता. उद्या १४४४ पासून एक डाव लावून पाहायचा, दहा टक्के घट पुरते की पंधरा करावी लागते ते बघायला.