ढेकूळ: परभणीत वाढणारं सुलकाटाचं पिल्लू, आषाढ ते चैत्र

चैत्र लागला तेव्हा ढेकळाचं, म्हणजे आमच्या सुलकाटा कासवाच्या पिल्लाचं, वजन ३१२ ग्रॅम भरलं. मागच्या आषाढात ते आमच्याकडं आलं तेव्हा ५८ ग्रॅमचं होतं. वजनापेक्षा मला जास्त समाधान त्याच्या पाठीकडं बघून वाटतं. कवचावरच्या प्रत्येक चौकटीभोवती नव्या वाढीची फिकट रेघ आलीय आणि ती रेघ सपाट आहे. चौकटी मधून उचलल्या जाऊन होणारे ते टोकदार उंचवटे, ज्याला आपण सगळे पिरॅमिड म्हणतो, ते अजून कुठंच दिसत नाहीत. होळीनंतर हवा कोरडीठाक होणाऱ्या आमच्या परभणीत ही पाठ गुळगुळीत ठेवायची, हेच मी या वर्षाचं मुख्य काम मानलं होतं.

नव्यानं या छंदात आलेल्यांसाठी थोडं सांगते. सुलकाटा हे आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासव. सहाराच्या दक्षिण काठाला सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंत जो सहेलचा कोरडा पट्टा आहे, तिथलं. गालापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरची कासवं सोडली तर जगात याच्याएवढं मोठं जमिनीवरचं कासव नाही. आपल्या माळरानावर दिसणारं चांदणी कासव म्हणजे स्टार टॉर्टॉइज हे नव्हे. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणी ‘गावाकडं सापडलं’ म्हणून देऊ केलं तरी हात लावू नका, वनविभागाला कळवा. सुलकाटा परदेशी आहे, पण तेही साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतं, त्यामुळं २०२४ च्या नियमांप्रमाणं सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. ढेकूळ पुण्याच्या एका परिचितांकडून कागदांसह आलं आणि नोंदीचं काम मी सगळ्यात आधी उरकलं.

आता ओलाव्याचं. वाळवंटाच्या काठावरचं जनावर म्हटल्यावर वाळूची पेटी, वरून दिवा आणि कोरडी हवा असं चित्र डोळ्यासमोर येतं. जुन्या पुस्तकांतही तेच असायचं. पण तिकडं हे कासव दिवसाचा किती वेळ उघड्यावर असतं, ते बघा. मोठी सुलकाटा जमिनीत कित्येक फूट खोल बिळं खणतात आणि रणरणत्या उन्हाचा काळ तिथं काढतात. बिळातली हवा दमट असते. पिल्लं तर बिळात नाहीतर गवताच्या गड्ड्याखालीच दडून असतात. २००३ साली व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या ओलाव्यात आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिली. पिरॅमिड होण्यावर प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला, हवेच्या कोरडेपणाचा मोठा. हे वाचल्यावर मी ठरवलं की ऊब आपल्याला परभणीत आठ महिने फुकट मिळते, विकत घ्यायचा आणि राखायचा तो ओलावा.

म्हणून ढेकळाचं घर काचेच्या मोठ्या टाकीचं आहे आणि वरून अॅक्रिलिकचं झाकण आहे. तळाला चार बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाणी मी कोपऱ्यातून तळाशी ओतते, वरून शिंपडत नाही. त्यामुळं खालचा थर ओला राहतो आणि वरचा, ज्यावर त्याचं पोट टेकतं, तो जवळजवळ कोरडा. पोटाखाली सतत चिखल राहिला तर कवचाला बुरशी लागते. लपायला कुंभाराकडून आणलेलं छोटं मडकं उभं अर्धं कापून पालथं घातलंय. भाजलेली माती पाणी धरते आणि हळूहळू सोडते, त्यामुळं मडक्याखालचा ओलावा टाकीतल्यापेक्षाही जास्त भरतो. ढेकूळ रात्रभर तिथंच असतं. टाकीतला ओलावा मी ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवते आणि तापमान कुठल्याही वेळी सव्वीसच्या खाली जाऊ देत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. ओलं आणि ऊबदार चालतं. ओलं आणि गार झालं की सर्दी, नाकातून फुगे आणि पुढं फुप्फुसाचा आजार. फक्त ओलावा वाढवायचा आणि दिवा विसरायचा, असं कुणी करू नये.

वाळू मी कधीच वापरली नाही. घासाबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबवते. आमची काळी मातीही टाकीत नको. ओली झाली की चिकटते, वाळली की दगड होते.

रोज सकाळी कोमट पाण्यात डुंबणं असतं. परातीत पाणी एवढंच की वरचं आणि खालचं कवच जिथं जुळतं तिथपर्यंत यावं, मान सहज वर राहावी. हे कासव पोहत नाही, खोल पाण्यात बुडतं. पंधरा-वीस मिनिटांत ते पाणी पितं, शी-शू करतं आणि त्यातच त्याच्या तब्येतीचा सगळा अहवाल मिळतो. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग मऊ असेल तर अंगात पाणी पुरेसं आहे. कणीदार, किरकिरीत आला तर पाणी कमी पडतंय, आणि तसंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होतो. ऐन उन्हाळ्यात मी संध्याकाळीही डुंबवते.

खाण्याचा विषय निघाला की मला आमच्या भागाचा अभिमान वाटतो. सुलकाटाला लागतं ते भरपूर तंतू, कमी प्रथिनं, आणि फॉस्फरसच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम. याचा अर्थ गवत. मंडईतली भाजी हा त्याचा आहार नाही, धुऱ्यावरचं तण हा त्याचा आहार आहे, आणि ते ओळखणारी माणसं आमच्या घराघरांत आहेत. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर वावरात खुरपणी केलीय. पहिल्या महिन्यातच त्या विचारू लागल्या, "सूनबाई, ह्याला घोळ का देत नाहीस? उन्हाची लई थंड असती."

"आई, घोळीत, चुक्यात, पालकात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, मग त्याचं कवच मऊ पडतं."

"मग पाथरी दे. ती आंबट नाही."

आणि पाथरी अगदी बरोबर निघाली. भाकरीबरोबर कच्ची खातो तीच, वाफ्याच्या कडेला पसरलेली, पिवळ्या फुलांची. परदेशातले पाळणारे डँडेलियनची पानं देतात, त्याच कुळातली ही. रब्बीत ती भरपूर मिळते आणि ढेकूळ ती मुळाच्या गाठीपर्यंत खातं.

रोजच्या ताटाचे चार वाटे केले तर त्यातले तीन हरळीचे असतात. गणपतीला वाहतो तीच दूर्वा. कोवळी टोकं कात्रीनं बारीक कापायची, कारण पिल्लाच्या जबड्याला लांब पातं तुटत नाही. पावसाळ्यानंतर मारवेल मिळतं, तेही तसंच कापून देते. वाळलेलं गवत पिल्लं खात नाहीत, म्हणून ते हातानं चुरून, पाण्यात भिजवून ओल्या पाल्यात मिसळते. मोठेपणी हेच त्याचं मुख्य अन्न होणार, तोंडाला चव आत्ताच लागायला हवी. बाकी एका वाट्यात केना, एकदांडी, जास्वंदीची पानं नि फुलं, तुतीची पानं आणि निवडुंगाचं पान. फड्या निवडुंगाचे काटे विस्तवावर भाजून घालवायचे, मग सुरीनं खरवडून बोटाएवढे तुकडे करायचे. त्यात पाणीही आहे आणि कॅल्शियमही. तुतीची पानं मी ओळखीच्या एका रेशीमवाल्या शेतकऱ्याकडून आणते. परभणी, जालना, बीडकडं आता रेशीम शेती बरीच आहे, आणि ज्या पाल्यावर अळ्या जगवायच्या त्यावर शेतकरी विषारी फवारा टाळतो. कासवासाठी यापेक्षा खात्रीचा पाला मला दुसरा माहीत नाही.

फवारणीची भीती मी कधीच हलक्यानं घेत नाही. कापूस-सोयाबीनच्या धुऱ्यावरचं तण कितीही हिरवंगार दिसो, ते आणायचं नाही. तणनाशक मारलेलं गवत दोन-चार दिवस ताजंच दिसतं. रस्त्याकडेचंही नको. मी घरामागं हरळीचे दोन वाफे आणि कुंड्यांत पाथरी लावलीय, उरलेलं फक्त ओळखीच्या वावरातून. हाराची फुलं तर चुकूनही नाहीत.

जीवघेणी झाडंही आपल्या दारातच असतात. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी. गाजरगवत तर सगळीकडं माजलंय आणि कोवळं असताना त्याचं पान नाजूक, खाण्याजोगं वाटतं, म्हणून पाला निवडताना मी एकेक काडी बघते. ज्वारीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आमचा मुलूखच ज्वारीचा. कोवळ्या ज्वारीत, पाण्यावाचून सुकलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत सायनाइड तयार होतं. त्यानं बैल दगावतात, तिथं तीनशे ग्रॅमच्या जिवाचं काय. हिरवी ज्वारी मी घरात येऊ देत नाही.

शेजारच्या मावशी प्रेमानं केळ्याचा तुकडा, टरबुजाची फोड, कधी पोळीचा घास घेऊन येतात. मी त्यांना जास्वंदीचं फूल हातात देते आणि ते भरवू देते. सुलकाटाचं पोट गवत आंबवून पचवणारं आहे. फळातल्या साखरेनं आतल्या जिवाणूंचं गणित बिघडतं आणि जुलाब लागतात. पोळी, डाळ, भिजवलेले हरभरे, दूध यातलं काहीच त्याचं नाही.

कॅल्शियमसाठी सोपी सोय सांगते. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतं. समुद्रातल्या एका माखल्यासारख्या प्राण्याच्या पाठीतलं ते पांढरं हाड, जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. त्याची पूड आठवड्यातून दोनदा पाल्यावर भुरभुरवते आणि एक तुकडा टाकीत ठेवते, मनात आलं की ते कुरतडतं. पानाचा चुना मात्र कधीही नाही, तो तोंड नि अन्ननलिका भाजतो.

पण खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला डी जीवनसत्त्व हवं, आणि ते त्वचेत तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण. काचेतून ते येत नाहीत, खिडकीतलं ऊन त्या कामाचं नाही. ढेकळाला मी जाळीच्या पेटीत अंगणात ठेवते. जाळी वरूनही बंद, कारण कावळे आणि मुंगूस. निम्म्या पेटीवर ओलं गोणपाट, म्हणजे सावली त्याला स्वतः निवडता येते. थंडीत दुपारचं ऊन, होळीनंतर सकाळी आठच्या सुमाराचं, तेही थोडाच वेळ. एवढंसं अंग काही मिनिटांत तापतं, म्हणून मी तिथून हलत नाही. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवायची नाही. ढगाळ आठवड्यांसाठी यूव्हीबीची नळी आहे.

मला खरी परीक्षा पौषात वाटली. परभणीचा पारा मराठवाड्यात बहुतेक वेळा सगळ्यात खाली असतो, दहाच्याही खाली उतरतो. सुलकाटा शीतनिद्रेत जात नाही. ते गारठलं म्हणजे झोपलं नाही, आजारी पडतंय. सिरॅमिकचा उष्णता देणारा बल्ब थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेलं तापमान राखणाऱ्या यंत्रावर लावलाय. तो उजेड देत नाही, रात्र रात्रच राहते. वीज गेली तर तो आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर चालतात. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल आणि रात्री वरून वाकळ. सगळी थंडी ते रोज जेवलं. पौषातही वजनाचा आलेख चढताच राहिला, आणि त्या महिन्यातली वाढीची रेघ पाठीवर इतर महिन्यांइतकीच सपाट आहे.

आत्ता उलटा मोसम आहे. बाहेर चाळीस, हवा कोरडी. टाकी घराच्या आतल्या, मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवली. बल्ब दिवसा बंद. कूलरचा झोत थेट टाकीवर येणार नाही असं बघते, पण खोली त्यानं थंड राहते. कोकोपीटला पाणी आता दिवसाआड घालावं लागतं.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन, महिन्याला पाठीचा फोटो त्याच जागी, त्याच उजेडात. डोळे सुजलेले नाहीत ना, नाक कोरडं आहे ना, खालचं कवच बोटानं दाबल्यावर टणक लागतं ना, एवढं रोज बघते. हाताळल्यावर साबणानं हात धुणं घरातल्या लहानथोरांना सक्तीचं, कासवांच्या अंगावर माणसाला जुलाब लावणारा साल्मोनेला जिवाणू असू शकतो. पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीत आहे, उदगीरलाही आहे. पाळणाऱ्यानं आजारपणाची वाट न बघता आधीच जाऊन तिथल्या डॉक्टरांना भेटून ठेवावं.

पुढचा विचार जागेचा. पूर्ण वाढलेला नर पन्नास किलोच्या पुढं जातो, काही शंभरीकडं झुकतात, आणि आयुष्य पन्नास वर्षांच्या पुढंही जाऊ शकतं. म्हणून ढेकूळ घ्यायच्या आधीच आम्ही घरात बसून ठरवलं की माझ्यानंतर त्याची जबाबदारी पुतणीची. ती आत्ता सातवीत आहे आणि नाव तिनंच ठेवलंय. ज्यांच्या घरी हे ठरत नाही त्यांनी सुलकाटा आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरात मोठी झालेली सुलकाटा कुणालाच नको असतात, आणि त्यांना माळावर सोडून देणं हा उपाय नाही.

गावाकडच्या आमच्या वाडीत एक मुरमाड तुकडा आहे. काळ्या मातीत बीळ टिकत नाही, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बीळ ढासळून कासव आत गाडलं जाऊ शकतं. मुरमात ते धरून राहील. कुंपणाची भिंत जमिनीखाली दोन फूट न्यायची, म्हणजे खालून उकरून बाहेर जाणार नाही. हे काम अजून तीन-चार वर्षांनी लागेल, पण या पावसाळ्यात तिथं तुतीच्या काड्या, जास्वंद आणि निवडुंग लावून टाकणार आहे. बिनकाट्याच्या निवडुंगाचं पान लातूर-नांदेडकडं कुणाकडं असेल तर मला एक हवंय, बदल्यात पाथरीचं बी आणि घरचं तुतीचं बेणं देईन.