तलाव उपसण्याआधी

बंद पडलेला जलतरण तलाव पाडायचा होता. शेजारी डासांनी हैराण झाले होते आणि पाणी उपसण्याआधी आत काय काय आहे ते पाहायला मला बोलावलं होतं. पंप आणून ठेवलेला, मजूर खोळंबलेले. पाहणीला अर्धा दिवस मिळाला.

पहिला पुरावा लोखंडी शिडीवरच होता. गंजलेल्या दांड्यांना चतुरांच्या कोरड्या काती चिकटलेल्या, प्रत्येकीची पाठ उभी चिरलेली. चतुराची अळी पाण्यात वाढते आणि शेवटची कात टाकायला आधार धरून पाण्याबाहेर चढते. म्हणजे इथे शिकारी अंड्यापासून वाढून उडूनही गेले होते. जाळं बुडवायच्या आधीच एवढं कळलं.

असं पाणी फार दिवस ओसाड राहत नाही. देखभाल थांबली की उन्हात काही दिवसांतच क्लोरीन निघून जातं, शेवाळ धरतं, पानं पडून कुजतात. पाणकिडे उडत येतात. पाण्यावरून परावर्तित होणारा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश त्यांना दिसतो आणि त्यावरून ते उतरायची जागा हेरतात. माझ्या जाळ्यात उलटे, पाठीवर पोहणारे किडे आले, पाणभुंगेरे आले, चतुराच्या अळ्या आल्या. एक अळी पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवली. तोंडाखाली घडी करून ठेवलेला तिचा खालचा ओठ सपकन पुढे आला आणि समोरची डासाची अळी दिसेनाशी झाली. हे कितीदाही पाहिलं तरी मी खिळून राहते.

मग डास येत कुठून होते? लांब दांड्याचं ओगराळं तलावात ठिकठिकाणी बुडवलं, तर डासांच्या अळ्या जेमतेम. कडेला पाय धुण्याचा उथळ हौद होता, त्यात मात्र नुसती वळवळ! तिथे एकही शिकारी नव्हता. काही जातींच्या डासांच्या माद्या शिकारी किड्यांनी पाण्यात सोडलेली रसायनं ओळखतात आणि तिथे अंडी घालणं टाळतात.

म्हणून सोडून दिलेला प्रत्येक तलाव निर्धोक, असं मी अजिबात म्हणणार नाही. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केर्न काउंटीत डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूचे रुग्ण 276 टक्क्यांनी वाढले. कर्ज थकल्यामुळे ओस पडलेल्या घरांमधले हिरवे तलाव हे त्यामागचं एक कारण असावं, असं संशोधकांनी मांडलं. ओगराळं बुडवल्याशिवाय कुठल्याच पाण्याबद्दल बोलू नये.

मला जास्त काळजी भिंतींची होती. डबक्याला उतार असतो. इथे सरळसोट, गुळगुळीत फरशी. एका कोपऱ्यात बेडकांची पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. चारही पाय फुटलेले, शेपटीचा खुंट उरलेला, आणि फरशीवर पकड मिळेना. या टप्प्यावर कल्ले जाऊन फुप्फुसं आलेली असतात. बाहेर पडता आलं नाही तर पिल्लं दमतात आणि ज्या पाण्यात वाढली त्यातच बुडून मरतात. शेजारी एक उंदीर मरून तरंगत होता, तोही बहुधा पाणी प्यायला उतरलेला.

पिल्लं उचलून दुसऱ्या तळ्यात सोडू, असं एकाने मनापासून सुचवलं. मी नको म्हटलं. कायट्रिड बुरशीने जगभर बेडकांच्या कितीतरी जाती संपवत आणल्या आहेत, आणि अशा हलवाहलवीतून ती नव्या पाण्यात पोहोचू शकते. गंबुशिया मासे सोडायची सूचनाही आली, पण ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडूकमासेही फस्त करतात.

पाय धुण्याचा हौद त्याच दुपारी रिकामा करून कोरडा केला. तलावात खडबडीत फळ्या तिरक्या उतरवल्या, पकड मिळावी म्हणून वर गोणपाट ठोकलं. पिल्लं बाहेर पडेपर्यंत उपसा थांबवायचा, मग पंपाच्या तोंडाला बारीक जाळी लावून पाणी हळूहळू उतरवायचं, हे मालकांनी मान्य केलं. मधल्या काळात दर आठवड्याला मी ओगराळं घेऊन येणार. डासांच्या अळ्या वाढलेल्या दिसल्या तर वाट न पाहता उपसा सुरू करायचा, हेही अहवालात लिहून दिलं.